वसतिगृहाचे दार आणि संस्थेची वही

(संस्थेच्या वार्षिक पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यास बोलावलेल्या पाहुण्याकडून काय अपेक्षा असते याची मला कल्पना आहे. त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, निकालाची टक्केवारी ऐकून समाधान व्यक्त करावे, संस्थापकांच्या कष्टांचे स्मरण करावे आणि चहा निवण्यापूर्वी खाली बसावे. यांपैकी शेवटची गोष्ट मी कटाक्षाने पाळणार आहे. बाकीच्या गोष्टी माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगल्या केल्या आहेत.

मी आज जो विषय घेतला आहे तो अशा व्यासपीठावर सहसा निघत नाही. निघालाच तर कार्यकारी मंडळाच्या खोलीत, दार लावून घेऊन, हलक्या आवाजात निघतो. विद्यापीठांच्या, महाविद्यालयांच्या आणि वसतिगृहांच्या आवारात गुन्हे घडतात. चोऱ्या होतात, मारामाऱ्या होतात, नव्या मुलांचा छळ होतो, मुलींची छेड काढली जाते, आणि क्वचित प्रसंगी याहून फार भयंकर काही घडते. असे घडले म्हणजे संस्थेने काय करावे, हा एक प्रश्न. ते कोणाला सांगावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आपण थोडीफार चर्चा करतो. दुसऱ्यावर बहुधा करीतच नाही, कारण त्याचे उत्तर आपण आधीच ठरवून टाकलेले असते: कोणालाही नाही.

या उत्तराची किंमत किती असते, हे एका हकीकतीवरून सांगतो. हकीकत अमेरिकेतील आहे. ती दूरची म्हणून सोडून देऊ नका. दारे, कुलपे आणि आईबाप सगळीकडे सारखेच असतात.

पेनसिल्व्हेनिया राज्यात बेथलेहेम नावाचे एक शहर आहे. तेथे लीहाय विद्यापीठ आहे, १८६५ साली स्थापन झालेले, जुने आणि नावाजलेले. जीन क्लेरी नावाची एक मुलगी तेथे पहिल्या वर्षाला दाखल झाली. खरे तर ती तेथे जाणार नव्हती. तिचे थोरले भाऊ न्यू ऑर्लिन्स शहरातील टुलेन विद्यापीठात शिकले होते आणि तीही तिकडेच जायची. पण तेथील एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचे आईवडिलांच्या कानावर आले आणि त्यांचे मन बदलले. मोठ्या शहरापेक्षा लहान गावातले, शांत आवारातले विद्यापीठ बरे, असा विचार त्यांनी केला. आपल्यापैकी कोणत्याही बापाने तोच केला असता.

५ एप्रिल १९८६ च्या पहाटे जीन आपल्या वसतिगृहाच्या खोलीत झोपलेली असताना एक तरुण आत शिरला. तो चोरी करण्यासाठी आला होता. तिला जाग आली. त्याने तिच्यावर बलात्कार केला आणि तिचा जीव घेतला. ती १९ वर्षांची होती. तो त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि तिची त्याची ओळखदेखील नव्हती. पुढे तो पकडला गेला, १९८७ साली दोषी ठरला, त्याला शिक्षा झाली. गुन्हेगाराची गोष्ट तेथे संपते.

आईबापांची तेथून सुरू होते. त्यांनी विचारले, हा माणूस आत आलाच कसा? तेव्हा कळले की बंद असावयास हवी होती अशी तीन दारे ओलांडून तो आला होता. दारांना आपोआप लागणारी कुलपे होती. कुलपांत काही बिघाड नव्हता. रात्री उशिरा येणाऱ्या मैत्रिणीला किल्ली शोधावी लागू नये म्हणून कोणीतरी पिझ्झाची रिकामी खोकी दारात अडकवून ठेवली होती. दारे अशी उघडी राहतात, याच्या नोंदी विद्यापीठाकडे त्याआधीही झालेल्या होत्या. त्या नोंदी होत्या तेथेच राहिल्या.

मग त्यांना आणखी एक गोष्ट कळली. आधीच्या तीन वर्षांत त्या शांत, सुंदर आवारात हिंसक गुन्ह्यांच्या ३८ घटना घडल्या होत्या. मुलीला तेथे पाठवताना यांतील एकही त्यांना कोणी सांगितली नव्हती.

या ठिकाणी मी क्षणभर थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. या आईबापांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी चौकशी केली, विचार केला, आणि मुलीला एका विद्यापीठातून काढून दुसऱ्यात घातले. एका ठिकाणची एक घटना त्यांच्या कानावर आली म्हणून ते ठिकाण धोक्याचे ठरले. दुसऱ्या ठिकाणच्या ३८ घटना कानावर आल्या नाहीत म्हणून ते सुरक्षित ठरले. ज्या संस्थेचे गुपित बाहेर पडले तिला शिक्षा आणि जिने ते सांभाळले तिला प्रवेश, असा हा व्यवहार आहे. तो अमेरिकेत १९८५ साली चालत होता आणि आपल्या जिल्ह्यात आजही चालतो.

हॉवर्ड आणि कॉनी क्लेरी या दांपत्याने विद्यापीठावर दावा लावला. तडजोडीत मिळालेला पैसा त्यांनी घरात ठेवला नाही. १९८७ साली त्यांनी आवारातील सुरक्षिततेसाठी एक संस्था काढली आणि राज्याराज्यांच्या विधिमंडळांचे उंबरठे झिजवले. १९८८ साली पेनसिल्व्हेनियाने कायदा केला. १९९० च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या सहीने तो सबंध देशाचा कायदा झाला. १९९८ साली त्याला जीनचे नाव देण्यात आले. विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला तो लागू आहे, आणि ही मदत न घेणारी महाविद्यालये तिकडे थोडीच.

या कायद्यात काय आहे ते मी मुद्दाम तपशिलाने सांगतो, कारण त्यात अवघड असे काही नाही. आपल्या कार्यालयातील हेडक्लार्कसुद्धा हे काम उद्यापासून करू शकेल.

पहिली गोष्ट, दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध करावयाचा. त्यात मागील तीन वर्षांचे आकडे द्यावयाचे: खून, लैंगिक अत्याचार, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, वाहनचोरी, जाळपोळ, आणि दारू, अमली पदार्थ व हत्यारे यांसंबंधीच्या अटका. २०१३ सालच्या दुरुस्तीने मुलींचा पाठलाग करणे आणि जोडीदाराकडून होणारी हिंसा यांचीही त्यात भर पडली. कोणत्या आवारातले आकडे, याचीही व्याख्या आहे. वर्गखोल्या आल्या, वसतिगृहे आली आणि आवाराच्या कुंपणाला लागून असलेला सार्वजनिक रस्ताही आला. आपल्याकडे ‘ते फाटकाबाहेर घडले, संस्थेचा संबंध नाही’ हे वाक्य फार ऐकू येते. त्या कायद्याने ते वाक्यच काढून घेतले आहे.

दुसरी गोष्ट, रोजची वही. ज्या संस्थेकडे स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे तिने घडलेल्या प्रत्येक गुन्ह्याची नोंद दोन कामकाजाच्या दिवसांत वहीत करावयाची: काय घडले, केव्हा, कोठे, आणि पुढे काय झाले. मागील साठ दिवसांची पाने कार्यालयीन वेळेत कोणीही येऊन पाहू शकतो. विद्यार्थी पाहू शकतो, पालक पाहू शकतो, वार्ताहरही पाहू शकतो. अर्ज नको, ओळख नको, ‘साहेब जेवायला गेले आहेत’ नको.

तिसरी गोष्ट, धोका टळलेला नसेल तर सर्वांना वेळीच इशारा द्यावयाचा.

आणि या तिन्ही ठिकाणी पीडित व्यक्तीचे नाव येत नाही. हे नीट लक्षात ठेवावे, याकडे मी पुन्हा येणार आहे.

इशाऱ्याच्या कलमाचे महत्त्व जगाला २००७ साली कळले. त्या वर्षी १६ एप्रिलला व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांना वाटले, हे आपसातील भांडण असावे आणि मारेकरी आवाराबाहेर निघून गेला असावा. विद्यार्थ्यांना पहिली सूचना ९ वाजून २६ मिनिटांनी गेली. तीत ‘गोळीबाराची घटना’ इतकेच होते, कोणी मेल्याचा उल्लेख नव्हता. मधल्या दोन तासांत मुले नेहमीप्रमाणे वर्गांत जाऊन बसली होती. ९ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास तोच मारेकरी नॉरिस हॉल या इमारतीत शिरला आणि तेथे त्याने आणखी ३० जणांना मारले. एकूण ३२ माणसे गेली. त्यांत तामिळनाडूतून गेलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईत वास्तुकला शिकून पुढील शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी होती. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने विद्यापीठाला ५५ हजार डॉलर दंड केला. अपिले होऊन शेवटी तो ३२,५०० डॉलरवर आला. इशारा वेळेवर गेला असता तर किती जण वाचले असते, हे सांगता येणार नाही. दोन तास मुलांना काहीच कळवले नाही, एवढे मात्र कागदावर आहे. पुढील वर्षी कायद्यात तातडीच्या सूचनेचे नवे कलम आले.

मिशिगन राज्यातील एका विद्यापीठाची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. २००६ च्या डिसेंबरात तेथे एक विद्यार्थिनी खोलीत मृतावस्थेत सापडली. विद्यापीठाने सांगितले की घातपाताचा संशय नाही. आईबापांनी तसे धरून मुलीला माती दिली. दहा आठवड्यांनी एका विद्यार्थ्याला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा त्यांना आणि वसतिगृहातील इतर मुलींना खरे कळले. इतके दिवस त्या मुली त्याच इमारतीत राहत होत्या. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले आणि संस्थेला साडेतीन लाख डॉलर भरावे लागले. ही गोष्ट ऐकताना आपल्यापैकी काहींना कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाची आठवण झाली असेल. ९ ऑगस्ट २०२४ रोजी तेथे एका डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला. आईवडिलांना सुरुवातीला आत्महत्या म्हणून कळवण्यात आले, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. दोन देश, दोन संस्था, आणि पहिली धडपड एकच.

कायदा झाला म्हणजे सारे आलबेल झाले, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील स्त्रियांच्या एका जुन्या संघटनेने २०१५ सालचे आकडे तपासले. शंभरातील ८९ महाविद्यालयांनी आपल्या आवारात बलात्काराची एकही तक्रार नाही, असे लिहून दिले होते. इतकी महाविद्यालये इतकी निर्मळ असतील, यावर तेथेही कोणी विश्वास ठेवला नाही. तक्रार करावयाची कोठे हे मुलीला माहीत नसेल, किंवा केली तर आपलीच उलटतपासणी होईल अशी भीती असेल, तर वही कोरी राहते. मोठ्या संस्थांनी आकडे दडवल्याचीही उदाहरणे आहेत आणि त्यासाठी २०२४ साली एका विद्यापीठाला एक कोटी चाळीस लाख डॉलर दंड झाला. तेव्हा एखाद्या संस्थेने ‘आमच्याकडे शून्य’ असे सांगितले म्हणजे टाळ्या वाजवण्यापूर्वी तिची तक्रारपेटी कोठे टांगली आहे ते पाहावे. मी एका वसतिगृहात ती अधीक्षिकांच्या मेजासमोर पाहिली होती. टाकणाऱ्या मुलीचा हात आणि चेहरा दोन्ही बाईंना दिसत. पेटीत वर्षभर काहीही पडले नाही, हे तेथे अभिमानाने सांगण्यात आले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. ६ जून २०२३ रोजी मुंबईत मरीन ड्राइव्हवरील सरकारी मुलींच्या वसतिगृहात विदर्भातून शिकावयास आलेल्या १८ वर्षांच्या मुलीचा मृतदेह तिच्या खोलीत सापडला. तिच्यावर अत्याचार करून खून करण्यात आला होता. ज्याच्यावर संशय होता तो कोणी भिंतीवरून उडी मारून आलेला चोर नव्हता. तो त्या वसतिगृहातच वर्षानुवर्षे काम करणारा, रखवालीही करणारा माणूस होता, आणि त्याच दिवशी त्याने रेल्वेखाली जीव दिला. लीहायमधला आरोपी विद्यार्थी होता, हा नोकर होता. आपण मात्र सुरक्षिततेचा विचार करावयास बसलो की कुंपणाची उंची वाढवतो, काचा लावतो, कॅमेरे बसवतो आणि बाहेरच्या माणसाची वाट पाहतो.

आणि २२ मे २०१९ हा दिवस तर आपल्या पुष्कळांच्या मनात आहे. त्या दिवशी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी, जळगावकडची, तडवी समाजातली डॉ. पायल तडवी हिने आत्महत्या केली. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निर्णय न्यायालयाचा आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण तिच्या आईचे म्हणणे असे होते की मुलीने आधी सांगितले होते, घरच्यांनीही कानावर घातले होते. एका आदिवासी मुसलमान घरातील डॉक्टर झालेली मुलगी. तिच्या मागे किती घरांतल्या मुलींनी पुस्तके मिटली असतील, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत, असेही नाही. महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्ध १९९९ सालीच कायदा केला. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची आणि तथ्य दिसल्यास दोषी विद्यार्थ्याला निलंबित करावयाचे. चौकशी टाळली तर त्या प्रमुखानेच गुन्ह्याला साहाय्य केले, असे कायदा मानतो. हे कलम मी प्राचार्य महाशयांकडे पाहून वाचत नाही, सर्वांसाठी वाचतो! २००९ साली हिमाचल प्रदेशात एका १९ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला, त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सबंध देशासाठी नियम केले आणि चोवीस तासांची मदतवाहिनी सुरू झाली. लैंगिक छळासंबंधी १९९७ चा विशाखा निकाल, २०१३ चा कायदा आणि आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. अंतर्गत समिती नेमावी लागते, तिने वर्षाला किती तक्रारी आल्या आणि किती निकालात निघाल्या याचा अहवाल द्यावा लागतो. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक मुले अठरा वर्षांखालील आहेत. त्यांच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो, आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरतो. ‘घरातल्या घरात मिटवू’ म्हणण्याचा अधिकार तेथे संस्थेला नाही आणि पालकालाही नाही.

असे तुकड्यातुकड्यांनी पुष्कळ आहे. पण अमुक महाविद्यालयाच्या आवारात मागील वर्षी काय काय घडले, हे एका कागदावर पालकाच्या हाती देण्याची सक्ती आपल्याकडे नाही. समितीचा अहवाल जातो तो कार्यालयातून कार्यालयाकडे. प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या बापाला संस्थेचे माहितीपत्रक मिळते, आणि माहितीपत्रकात बागेतल्या कारंज्याचा फोटो असतो.

यावर मला जे उत्तर नेहमी मिळते ते आपण आत्ता मनात म्हणत असाल. ते उत्तर हलके नाही, म्हणून त्याचा विचार करणे भाग आहे. लोक म्हणतात, “साहेब, आमच्या मुली मोठ्या मुश्किलीने घराबाहेर पडल्या आहेत. कोणाचे अब्बा आखातात आहेत, कोणाची आजी अजूनही म्हणते की दहावी झाली, पुरे झाले. आम्ही घरोघर जाऊन, शब्द देऊन मुली आणल्या. आता आम्हीच कागदावर लिहून द्यायचे का, की वर्षात दोन छेडछाडी आणि चार चोऱ्या झाल्या? दुसऱ्या दिवशी दहा ट्रंका घरी जातील.”

ही भीती खरी आहे. ट्रंका जाताना मी पाहिल्या आहेत. मात्र मी पाहिल्या त्या प्रत्येक वेळी, त्या संस्थेने काही जाहीर केले म्हणून गेल्या नव्हत्या. काहीच सांगितले नाही म्हणून गेल्या. एका वसतिगृहात रात्री कोणीतरी पुरुष जिन्यात दिसला, इतकेच घडले होते. व्यवस्थापनाने मुलींना तंबी दिली की घरी बोलायचे नाही. त्यामुळे मुली घरी अर्धेच बोलल्या. तीन दिवसांत त्या जिन्यातल्या पुरुषाचे चौघे झाले, आणि पाचव्या दिवशी एका मुलीचे नाव गावात फिरू लागले, जी त्या रात्री वसतिगृहात नव्हतीच. ती सुट्टीला घरी गेली होती! तिचे शिक्षण तेथे थांबले. एक चिठ्ठी सर्व पालकांना गेली असती, की अमुक रात्री अमुक वाजता मागील दाराने एक इसम आत आला, पहारेकऱ्याने हटकताच पळाला, कोणालाही इजा नाही, दाराची कडी बदलली आहे, तर बोलायला इतका मालमसाला उरला नसता.

अब्रूचा प्रश्न निघतो, तेथे मघाची गोष्ट पुन्हा सांगतो. मुलीचे नाव झाकणे आणि घटना झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे. पूर्वी तो दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमात आहे. नाव झाकलेच पाहिजे. आपल्याकडे व्यवहारात उलटे होते. नाव कुजबुजीने सगळ्या गावाला कळते आणि घटना मात्र कागदावर कोठेच नसते.

आता एक गोष्ट अधीक्षिकाबाईंची क्षमा मागून सांगतो. आपल्याकडे वह्यांची कमतरता नाही. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर जी जाडजूड वही असते ती सर्वांनी पाहिली असेल. कोण मुलगी किती वाजता बाहेर गेली, कोणाबरोबर, कशासाठी, किती वाजता परत आली, पालकाची परवानगी होती का, सही. पाच मिनिटे उशीर झाला तर तांबड्या शाईने. मुलीने काय केले याची इतकी चोख नोंद असलेल्या त्या इमारतीत मुलीच्या बाबतीत काय घडले, याची नोंद करावयाचे पान नसते. बाहेर रस्त्यावर रोज तोच मोटारसायकलवाला उभा राहतो, हे ती कोठे लिहिणार? लिहिले तर पहिली कारवाई तिच्यावरच होते, बाहेर जाणे बंद. म्हणून ती लिहीत नाही, सांगत नाही, आणि आपण म्हणतो की तक्रार नाही. आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटले आहे की सुरक्षिततेच्या नावाखाली विद्यार्थिनींच्या हालचालींवर जादा पहारा ठेवू नये, आणि मुलांच्या वसतिगृहाला नसलेले नियम मुलींच्या वसतिगृहाला लावू नयेत. पालकांपैकी काहींना हे रुचणार नाही. मी ते त्यांच्यासमोरच बोलत आहे. फाटक सात वाजता बंद केल्याने मरीन ड्राइव्हची मुलगी वाचली नसती. ती खोलीतच होती.

तेव्हा मी या मेळाव्यापुढे एक मागणी ठेवतो. कायद्याची वाट न पाहता आपल्या संस्थेने एक वही सुरू करावी. साधी, बांधीव, पानांवर क्रमांक घातलेली, म्हणजे पान फाडले तर कळेल. रकाने पाच: तारीख आणि वेळ, जागा, काय घडले, लगेच काय केले, शेवटी काय झाले. नाव कोणाचेही नाही. नावाची कागदपत्रे समितीपाशी, कुलपात. वहीत मोबाइल चोरीला गेला तोही लिहावा आणि वसतिगृहातल्या मुलाने दुसऱ्याला मारले तेही लिहावे. जिन्यातला दिवा आठ दिवस बंद आहे हेही लिहावे. मागील दार उघडे सापडले, तर दर वेळी लिहावे. आपल्या प्रत्येक वसतिगृहाला असे एक दार आहे. भोजनगृहाच्या मागचे, पहाटे दूधवाल्यासाठी उघडायचे, आणि मग दिवसभर खाली वीट लावून ठेवायचे. महिन्यात वीस वेळा ‘दाराखाली वीट’ अशी नोंद झाली, तर विश्वस्तांना दुसरे दार करावे लागेल किंवा दूधवाल्याची वेळ बदलावी लागेल. यास कॅमेऱ्याइतका खर्च येत नाही.

महिन्यातून एकदा ही वही विश्वस्तांपैकी एकाने आणि पालकांपैकी एकाने एकत्र बसून वाचावी. पालक स्त्री असावी, असे मला वाटते. वाचल्याची सही करावी. वहीचे वाचन झाले नाही तर ती लीहायच्या नोंदींसारखी फडताळात पडून राहील.

आणि जून महिन्यात प्रवेश सुरू होतील तेव्हा ही वही माहितीपत्रकांच्या शेजारी, त्याच टेबलावर ठेवावी. काही पालक चाळतील. एखादा उठून निघूनही जाईल, आणि शेजारच्या तालुक्यातील ज्या संस्थेकडे अशी वहीच नाही तिच्याकडे जाईल. पहिल्या वर्षी असे होईल, हे गृहीत धरूनच ठरवावे. अधीक्षिकाबाईंना त्या टेबलाशी बसवावे, कारण चाळणारा बाप विचारील, “बाई, हे मार्च महिन्यात जिन्यात काय झाले होते?” त्यांनी त्याला काय झाले आणि पुढे काय केले ते सांगावे.

माझी वेळ संपत आली आहे आणि चहा आल्याचे मला येथून दिसत आहे. वहीच्या रकान्यांचा एक नमुना मी करून आणला आहे, तो प्राचार्यांकडे देतो. विश्वस्तांनी तो पाहावा, हवा तसा बदलावा. पालकांना काही विचारावयाचे असल्यास मी बाहेर व्हरांड्यात थांबतो.